दाढेचा खर्च : काही टिपणे

बेलपाड्यात दाताचा दवाखाना शोधत हिंडावं लागत नाही. मूळ गावाभोवती खारघरचे सेक्टर वाढले तशा दाताच्या डॉक्टरांच्या पाट्याही वाढल्या. अडचण दराची आहे. एकाच दाढेच्या रूट कॅनालला एकीकडे चार हजार सांगतात, दुसरीकडे बारा हजार. माणूस गोंधळतो, आपल्याला कोणीतरी लुटतंय असं त्याला वाटतं आणि दुखणं गोळीवर ढकलत राहतो. ही टिपणं त्याच्यासाठी.

*

दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. पहिल्यात बहुधा फक्त नळ्या साफ करून भरणं असतं, दुसऱ्यात वरची कॅपही धरलेली असते. म्हणून पहिला प्रश्न हाच : "डॉक्टर, यात कॅप आली का?"

*

दात कोणता, यावर बरंच ठरतं. वरच्या पुढच्या दाताला सहसा एकच नळी असते. खालच्या दाढेत तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी, अगदी बारीक नळी बऱ्याचदा असते. ती राहून गेली तर काही महिन्यांनी ठणका पुन्हा सुरू होऊ शकतो. ती शोधायला वेळ, नजर आणि कधी सूक्ष्मदर्शकही लागतो. या कामातला विशेषज्ञ पाच वर्षांच्या बीडीएसनंतर आणखी तीन वर्षं एमडीएस करतो. त्याची फी जास्त असते ती यामुळे.

*

बाकीचे पैसे साहित्यात जातात. एक्सरे, भुलीचं इंजेक्शन, नळीची लांबी मोजणारा अपेक्स लोकेटर, जंतू मारणारं सोडियम हायपोक्लोराइट, शेवटी भरायचा गटापर्चा. मोटरवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइली वापरून थकतात आणि थकलेली फाइल नळीतच तुटू शकते, म्हणून त्या वेळेवर टाकून द्याव्या लागतात. थुंकी नळीत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा लावतात. तो लावणार का, हे जरूर विचारा. दर कमी असेल तर त्यात काय गाळलंय, हे कळायला हवं.

*

कॅपचं गणित वेगळं. साधी धातूची सर्वांत स्वस्त, धातूवर सिरॅमिकची मधली, झिरकोनियाची महाग. आतल्या दाढेला धातूची कॅपही भक्कम काम देते. ती हसताना दिसत नाही. पुढच्या दाताचा फारसा भाग गेला नसेल तर कधी नुसतं भरूनही भागतं. पण रूट कॅनाल केलेल्या दाढेला बहुतेक वेळा कॅप लागतेच, कारण कीड आणि उपचार यांत तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात. ठणका थांबला म्हणून अनेक जण कॅपला येतच नाहीत. मग सुपारी फोडताना दाढ उभी चिरते आणि आधीचा सगळा खर्च वाया जातो.

*

बेलपाड्याच्या माणसाचं एक भाग्य आहे : दंत महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. खारघर स्टेशनसमोर, बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये भारती विद्यापीठाचं, खारघरमध्येच वायएमटीचं, कामोठ्याला एमजीएमचं, नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा. सरकारीच हवं तर हार्बरच्या गाडीने थेट सीएसएमटी गाठा. शासकीय दंत महाविद्यालय तिथून जवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. अशा ठिकाणी खर्च खासगीपेक्षा सहसा बराच कमी येतो. दाढा सहसा एमडीएसचे विद्यार्थी करतात आणि शिक्षक त्यांचं काम तपासतात.

*

तरीही तिथला खर्च केसपेपरवर पूर्ण दिसत नाही. तिथे वेळ जास्त लागतो आणि खेपाही जास्त होतात. रोजंदारीवरच्या बाईचा प्रत्येक खेपेला खाडा होतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारावं : साधारण किती वेळा यावं लागेल, आणि दुपारची वेळ मिळेल का? खाडे धरूनच तुलना करावी.

*

विम्याच्या भरवशावर राहू नये. बहुतेक आरोग्य विम्यांत दाताचं काम अपघातामुळे असेल तरच धरतात. कार्यालयाच्या गट विम्यात कधी वेगळी सोय असते. ती आधी विचारून घ्यावी.

*

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या अँटिबायोटिकने सडलेली नस बरी होत नाही. ठणका चार दिवस दबतो, कीड आत चालूच राहते. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं. तिथे दराची घासाघीस करत बसू नये.

*

"काढून टाका, या वयात कशाला खर्च?" असं घरची वडीलधारी माणसं म्हणतात. पैसे आपल्यावर खर्च होऊ नयेत म्हणून म्हणतात, हे ओळखावं. दाढ काढणं आज स्वस्त पडतं. पण घास चावता येईना झाला की ब्रिज किंवा इम्प्लांट येतं, आणि इम्प्लांटचा खर्च रूट कॅनाल-कॅपच्या कितीतरी वर जातो. दाढ वाचण्याजोगी असेल तर आई-वडिलांचीही वाचवावी.

*

खुर्चीत बसण्याआधी एवढं कागदावर मागा : रूट कॅनालचे किती, कॅपचे किती, एक्सरे धरले का, किती खेपा, आणि पुन्हा दुखलं तर काय. चांगला डॉक्टर हे लिहून देतो. आणि दाढेवर काळा ठिपका दिसतोय, दुखत मात्र नाही, अशी वेळ असेल तर याच आठवड्यात जाऊन ती भरून घ्या. दाढेवरचा सर्वांत कमी खर्च त्या दिवशी होतो.