सड्यावरची सायकल

रत्नागिरी स्टेशनवर सामानाच्या डब्यातून आमच्या दोन सायकली उतरल्या, तेव्हा हमालाने आधी सायकलींकडे, मग माझ्या पांढऱ्या होऊ लागलेल्या कानशिलांकडे पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारले, "काका, यष्टी बंद हाय काय?"

एस.टी. बंद नव्हती. तरीही पुण्याची दोन माणसे सायकली घेऊन कोकणात का उतरली, याचा खुलासा मी त्या हमालापाशी करू शकलो नाही. वाचकांपाशी मात्र केला पाहिजे. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला सायकलीचे वेड आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो कोकणात निघाला, तेव्हा "तुम्हीही जा, पोट तरी जरा आत जाईल," असे म्हणून आमच्या कुटुंबाने मला त्याच्या हवाली केले. हे झाले चारचौघांत सांगायचे कारण. दुसरे कारण माझ्या सायकलीच्या मागच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले होते. राजापूर तालुक्यात आमच्या गावी आजोबांच्या वेळेपासूनचा एक सडा आहे. सातबाऱ्यावर आम्ही सात हिस्सेदार. तो सडा चिऱ्याच्या खाणीसाठी भाड्याने द्यावा असे माझ्या थोरल्या चुलतभावाने ठरवले होते. सहा सह्या झाल्या होत्या. सातवी माझी राहिली होती. सही टपालानेही पाठवता आली असती. पण जी जमीन आपण तीस वर्षांत पाहिली नाही ती निदान एकदा पाहून मग सही करावी, एवढी लाज अजून शिल्लक होती.

सडा म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. मोटारीने कोकणात जाणाऱ्याला कोकण म्हणजे माड, समुद्र आणि वळणे एवढेच दिसते. सायकलवाल्याला ते मांड्यांनी वाचावे लागते, आणि मांड्यांनी वाचलेला भूगोल विसरत नाही. रस्ता खाडीपाशी उतरतो, पूल ओलांडतो, की लगेच समोर घाटी उभी राहते. धापा टाकीत वर यावे तर एकाएकी झाडे संपतात आणि काळपट जांभ्या दगडाचे सपाट माळरान क्षितिजापर्यंत पसरते. हाच सडा. पावसाळ्यात त्यावर इवल्या रानफुलांचे गालिचे असतात; डिसेंबरात वाळलेले गवत आणि वारा. त्यावरून तीन-चार मैल सुखाने जावे, की पुन्हा उतार, पुन्हा खाडी, पुन्हा घाटी. भाटे पुलापलीकडची पहिली घाटी भाच्याने सायकलवर बसून चढली. मी ती सायकल हातात धरून, झाडे पाहण्याचे निमित्त करीत चढलो.

रत्नागिरीत आम्ही फार रेंगाळलो नाही. टिळकांचे जन्मस्थान पाहिले आणि थिबा राजाचा वाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून येथे आणून ठेवले. हा जांभ्याचा वाडा त्याच्यासाठी पुरा होईपर्यंत १९१० साल उजाडले, आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. वाड्याच्या गच्चीतून खाडी आणि समुद्र फार सुरेख दिसतो. ज्याला परत जाण्याची मनाई आहे त्याला हा समुद्र रोज पाहावा लागणे ही शिक्षाच म्हणायची. (माझ्यातला मराठीचा प्राध्यापक मालगुंडला केशवसुतांच्या घराकडे ओढ घेत होता, पण मालगुंड उत्तरेला, आमची वाट दक्षिणेची. सायकलवर असताना भक्तीलाही दिशा पाळावी लागते.)

गोळप सोडले की पावसपर्यंत आणि पुढेही दोन्ही बाजूंना कलमे. कोकणात 'झाड' म्हटले की ते काहीही असू शकते. 'कलम' म्हटले की ते हापूसचेच. आंबा आपला, पण भेटकलमाची विद्या येथे रुजवली पोर्तुगीजांनी, आणि अफान्सो या पोर्तुगीज नावाचा आपल्या तोंडी हापूस झाला. २०१८ मध्ये या भागातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या मुलखातल्या आंब्याने हे नाव लावू नये, असे कायद्याने ठरले. डिसेंबरात आंबे नसतात हे खरे, पण मोहोर असतो. पहाटे सायकलवरून त्या गारव्यात जाताना मोहोराचा तो किंचित आंबूस, किंचित मधाळ वास अंगावर येतो. मोटारीच्या बंद काचेतून तो कोणाला भेटलेला नाही.

पावसच्या अलीकडे चहाला थांबलो, तेथे एक बागाईतदार मोबाईलवर हवामान पाहत बसले होते. मी मोहोराची तारीफ केली, तर त्यांनी माझ्याकडे 'हा नवखा' अशा नजरेने पाहिले. "मोहोर काय, बघायला छान असतो. ढग आले की तुडतुडा येतो. फवारणी करा. पुन्हा ढग, पुन्हा फवारणी. वाचला तर फळ, त्यातलं निम्मं माकडांचं. राखणीला नेपाळहून माणसं आणतो आम्ही." मग समोरच्या बागेकडे बोट दाखवून म्हणाले, "ही दोनशे कलमं आहेत ना, तिथं आधी निव्वळ कातळ होता. बापसानं सुरुंग लावून एकेक खड्डा फोडला, खालनं माती आणून भरली नि कलम लावलं." त्या क्षणी मला ती गोष्ट केवळ पराक्रमाची वाटली.

पूर्णगडचा चिमुकला किल्ला मुचकुंदीच्या मुखावर अंग चोरून बसला आहे. तो पाहून पूल ओलांडला आणि गावखडीचे सुरूचे बन मागे टाकून संध्याकाळी कशेळीला पोचलो. तेथे घावन आणि नारळाची चटणी खाऊन जे झोपलो ते सूर्योदयाला कनकादित्याच्या घंटेनेच उठलो. सूर्याची देवळे आपल्याकडे थोडी, त्यातले हे एक. देवाची मूर्ती सौराष्ट्राकडून गलबतातून आली, गलबत येथे अडले, आणि कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत झाला, अशी कथा गावात सांगतात. कथा कथाच, पण शिलाहार राजा भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट कशेळीच्या नावाने आहे, तो इतिहास आहे. कौलारू देऊळ, लाकडावरचे कोरीव काम, दीपमाळा आणि शांतता. मला वाटले, कशेळीला आठशे वर्षांचा इतिहास आहे. तासाभराने माझे ते गणित कोलमडले.

गावातला एक मुलगा खराटा आणि पाण्याची कळशी घेऊन आम्हाला सड्यावर घेऊन गेला. ऊन अजून तिरपे होते. "बघा," तो म्हणाला. मला काही दिसेना. त्याने खराटा मारला, थोडे पाणी ओतले, आणि कातळात बोटभर खोल गेलेली एक रेघ ओली होऊन उठून दिसली. रेघेच्या मागे मागे चालू लागलो. चालत चालत एक पाय झाला, पाठ झाली, सोंड झाली. हत्ती! सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती. उभे राहून तो एकदम दिसतच नाही. त्याच्याभोवती चालावे लागते, आणि चालून चालून तो मनात काढावा लागतो. त्याच्या पोटात आणखी प्राण्यांची दाटी आहे: मासे, पाखरे, चार पायांची जनावरे, एकावर एक. काढणारा उंचावरून पाहत नव्हता, त्याच्यापाशी कागद नव्हता. हे प्रमाण त्याने कोठे बाळगले असेल? भाचा इतका वेळ मोबाईलवर फोटो काढीत होता, तोही थांबला. "मामा, हे चुकलं तर खोडता येणार नाही," एवढेच तो म्हणाला. इंजिनिअरच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती निघत नाही.

ही कातळशिल्पे गावकऱ्यांना ठाऊक होतीच; 'पांडवांची चित्रं' म्हणून ती सोडून दिलेली होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी २०१२ पासून सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून विचारून ती शेकड्यांनी उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. काही अभ्यासक त्यांचा काळ दहा हजार वर्षांपलीकडे नेतात. चित्रांत गेंडा आहे, पाणघोडा आहे; आज यातले एकही जनावर कोकणात नाही. शिकार आहे, पण शेती नाही. ज्या मुलखाला आपण आंब्याफणसांचा म्हणून ओळखतो, त्याची पहिली चित्रे ज्यांनी काढली त्यांना पेरणे-लावणे ठाऊकच नसावे.

पुढचा दीड दिवस आम्ही पिसाट झालो होतो. आडिवऱ्याच्या महाकालीला नमस्कार केला तोही घाईनेच. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचा रेघारेघांचा चौकोन पाहिला. देवाचे गोठणे येथे कोरलेल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र भरकटते असे ऐकले होते. भाच्याने आपले ठेवले, तर सुई उत्तर सोडून भलतीकडेच गेली आणि दोन पावले मागे येताच शहाण्यासारखी जागेवर आली. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस पाहिला. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर असाच एक माणूस आहे हे वर्गात कधीतरी सांगितले होते. तो राजापूर तालुक्यात भेटेल असे वाटले नव्हते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या सर्वेक्षणावरून याच सड्यावर मोठे आंदोलन झाले होते. आम्ही गेलो तेव्हा तेथे वारा होता आणि एक म्हैस.

आता आमचे गाव. त्याचे नाव लिहीत नाही. भावाभावांतली गोष्ट आहे.

दादाने स्वागत झकास केले. वहिनींनी कुळथाचे पिठले आणि नाचणीची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर दादाने विषय काढला, आणि तो वावगे काही बोलत नव्हता. "तू वर्षाला एक पेटी खातोस. ती पेटी तयार कशी होते ते मला विचार. गेल्या सालचं फवारणीचं बिल अजून फिटायचं आहे. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण आहे. कातळावर गवताची काडी उगवत नाही. चिरा काढला तर घरात चार पैसे येतील. आपल्या पायाखालचाच दगड आहे, चोरी तर नाही?" मी म्हटले, "उद्या सडा बघू, मग सही करतो." दादा हसला. "बघण्यासारखं काय आहे तिथं?"

खाण शेजारच्या सड्यापर्यंत आलेली होती. यंत्राच्या करवतीने कातळ पावासारखा कापून काढलेला, सरळ भिंतींचा लाल खड्डा, आणि आसपासच्या कलमांच्या पानांवर लाल धूळ. आमच्या बाजूला आजोबांनी लावलेली अकरा कलमे होती. त्यांच्याकडे जुन्या काळापासून काम करणारा एक म्हातारा गडी आमच्याबरोबर आला होता. मी सहज विचारले, "आपल्या सड्यावर चित्रं आहेत का हो?" तो म्हणाला, "हायत की. थय पांडवाचं पाय हायत. पोरं हुतो तवा आमी त्यात उबं ऱ्हायचो."

खराटा त्यानेच मारला. पहिल्या कलमापासून पाच-सहा हातांवर दोन पाय निघाले: बाहेरच्या बाजूंना वळलेली पावले, पोटऱ्या, गुडघे, मांड्या. माझ्या उंचीपेक्षा मोठे. भाचा रेघेवर पाणी ओतत ओतत वर सरकला आणि कमरेपाशी थांबला. पुढे कातळ नव्हता. पुढे आजोबांचा खड्डा होता, मातीने भरलेला, आणि त्यात ते पहिले कलम. मोहोराने ओथंबलेले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत याच कलमाचे आंबे झेल्याने उतरवताना मी खाली उभा असे. पहिल्या कलमाची फळे सर्वांत गोड, असे आमच्या घरात म्हणत. पावसला चहाच्या दुकानात ऐकलेला तो सुरुंगाचा पराक्रम आता मला वेगळा ऐकू येऊ लागला. आणि तरी आजोबांना दोष द्यायला जीभ वळेना. कमरेखालचाच माणूस कोरलेली चित्रे कोकणात इतरत्रही आहेत, असे मी परत आल्यावर वाचले. म्हणजे वरचा अर्धा भाग मुळात नव्हताच, की सुरुंगाबरोबर उडाला, हे आता ते कलमच जाणे.

दादा त्या पायांकडे पाहत म्हणाला, "म्हणजे आता सही नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी म्हटले, "जाणकारांना दाखवू या. बाकीचा सडा झाडून बघू. तोवर थांबू." "तोवर म्हणजे किती? मुलीची फी जूनमध्ये आहे." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुण्यात पगार पहिल्या तारखेला होतो, आणि थांबायला सांगणे पगारदार माणसाला सोपे जाते, हे त्या सड्यावर उभे असताना मला फार स्वच्छ कळले. फीमधला माझा वाटा मी देतो म्हणालो. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

परतीला राजापूरच्या बाजूची घाटी मी सायकलवर बसून चढलो. भाच्याने पाठ थोपटली. कागद पिशवीत तसाच होता. सही न केलेला कागद काही हलका नसतो, हे त्याला मी सांगितले नाही.

जानेवारीत जाणकार मंडळी येऊन पाहून गेली, मोजमापे घेऊन गेली. मार्चमध्ये मी फीचे पैसे पाठवले. ते पोचल्याचे वहिनींनी फोनवर कळवले. मे उजाडला, अर्धा सरला, पेटी आली नाही. घरात कोणी विषय काढीना. शेवटी वळवाच्या पहिल्या पावसाच्या दिवशी एस.टी.च्या पार्सलने पेटी आली. पहिल्या कलमाचीच फळे होती. ती आम्हाला देठाशी असलेल्या लालीवरून ओळखता येतात. सगळे आंबे काढल्यावर तळच्या पेंढ्याखाली कराराची नवी प्रत निघाली, नीट घडी घातलेली. नकाशावर पहिल्या कलमाभोवती एक वर्तुळ काढून तेवढा भाग दादाने लाल शाईने वगळला होता, आणि सातव्या नावासमोर पेन्सिलीने बारीकशी फुली होती.