न दिसणारे काम

गगनबावड्याच्या पावसाळ्यात डोंगर दिसत नाहीत. जून ते सप्टेंबर धुके दारात येऊन बसते आणि समोरचे झाडही मधूनच नाहीसे होते. दिवाळीच्या सुमारास हवा निवळली की करूळ घाटाच्या तोंडाशी उभे राहावे. कोकणच्या बाजूस डोंगरांच्या रांगा एकीमागे एक उलगडत जातात. पहिली गर्द हिरवी, दुसरी निळसर, तिसरी त्याहून फिकी आणि शेवटची आभाळात विरून गेलेली. चित्रकला शिक्षक या नात्याने मी दरवर्षी मुलांना तेथे नेत असे आणि सांगत असे, की दूरची वस्तू केवळ लहान होत नाही, ती फिकीही होते. आपल्या आणि तिच्या मध्ये जी हवा आहे, ती कागदावर उतरली पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत आजऱ्याहून येणारी माझी भाचीही त्या मुलांमध्ये बसे.

हीच भाची गेल्या जुलैमध्ये मुंबईहून अचानक आली. एका हातात कपड्यांची पिशवी आणि पाठीवर संगणक. सात वर्षे ती चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे, म्हणजे लोक ज्याला ‘व्हीएफएक्स’ म्हणतात त्याचे, काम करीत होती. ज्या ठिकाणी ती नोकरीस होती ते काम बंद पडले होते आणि तीन महिन्यांचा पगार थकला होता. त्या आठवड्यात मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर आले आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. रविवारच्या मिस्साला जाता येईना. आम्ही घरीच रोझरीची प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर तिने विचारले, “मामा, आता मी काय करू ते तुम्ही सांगा.”

माझ्यापाशी उत्तर तयार होते. “तुझा हात चांगला आहे. कला शिक्षकाची पदविका पूर्ण कर आणि शाळेत लाग. महिन्याच्या महिन्याला पगार, रविवार मोकळा, आईवडिलांच्या जिवाला घोर नाही.” ती काहीच बोलली नाही. मलाही हे शब्द माझे वाटेनात. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी अगदी याच शब्दांत मला सांगितले होते. कोल्हापुरात चित्रपटांचे पडदे रंगविणाऱ्या एका वृद्ध कलावंताने मला हाताखाली घेण्याची तयारी दाखविली होती. मी गेलो नाही. पुढे शिकविणे मला मनापासून आवडू लागले, हे खरे. परंतु ती निवड मी आवडीने केली नव्हती, भीतीने केली होती. आपल्या भीतीला अनुभवाचे नाव देऊन ती पुढच्या पिढीच्या पदरात टाकणे किती सोपे असते, हे मला त्या रात्री उमगले.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, “तू नेमके काय करतेस, ते मला एकदा दाखव. मग बोलू.”

तिने संगणक उघडला. कामाचा नमुना म्हणून दाखविण्याची परवानगी असलेला, प्रदर्शित होऊन गेलेल्या चित्रपटातला एक तुकडा होता तो. एक माणूस कौलांवरून उडी घेऊन पलीकडच्या गच्चीवर जातो. केवळ चार सेकंद. मी दोनदा पाहिले आणि म्हणालो, “यात तू काय केलेस?”

“काही दिसले नाही ना? मग काम बरे झाले म्हणायचे,” ती हसून म्हणाली.

मग तिने मूळ चित्रण दाखविले. त्या माणसाच्या कमरेला दोन जाड तारा होत्या, मागे दिव्यांचे खांब होते, आणि गच्चीपलीकडचे शहर तर नव्हतेच. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. चार सेकंदांच्या ९६ झाल्या. प्रत्येक चौकटीत त्या माणसाची बाह्यरेषा आखून त्याला मागच्या दृश्यापासून सोडवून घ्यायचे. या कामाला ‘रोटो’ म्हणतात. मॅक्स फ्लायशर या अमेरिकन व्यंगपटकाराने जिवंत चित्रणावरून चौकटीगणिक रेषा गिरवण्याच्या यंत्राचे पेटंट १९१७ साली मिळविले. हे नाव त्या यंत्रावरून आले. नंतर तारा पुसायच्या आणि तारेमागे जे आभाळ झाकले गेले होते ते शेजारच्या चौकटींमधून आणून भरायचे. कॅमेरा कसा हलला याचे गणित मांडायचे, म्हणजे नवे शहर त्याच्याबरोबर हलते. शेवटी हे सगळे थर एकमेकांवर बसवायचे. या शेवटच्या कामाला ‘कंपोझिटिंग’ म्हणतात. भाची रोटोपासून सुरुवात करून चौथ्या वर्षी तेथवर पोहोचली होती.

हे थर बसविण्यासाठी ती ‘न्यूक’ नावाची प्रणाली वापरते. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या ‘डिजिटल डोमेन’ या संस्थेत स्वतःच्या कामापुरते घडविलेले हे हत्यार आज लंडनची ‘फाउंड्री’ ही कंपनी जगभर विकते. आग, पाणी, धूळ यांसाठी टोरांटोत तयार होणारे ‘हुडिनी’ आहे. आणि ‘ब्लेंडर’ तर कोणालाही फुकट मिळते. २००२ साली लोकवर्गणी काढून त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. लॅटव्हियातील एका छोट्या गटाने त्यावर घडविलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

मी पडद्यावरच्या शहराकडे पाहत होतो. जवळच्या इमारती ठसठशीत, मागच्या फिक्या, त्यामागच्या निळसर राखी. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “हे करूळ घाटातले आहे मामा. मुंबईत मला हे कोणी शिकवले नाही. नवीन मुले मागचे डोंगरसुद्धा पुढच्याइतकेच काळे ठेवतात आणि मग चित्र खोटे का दिसते म्हणून तासन्तास बटणे दाबत बसतात.”

त्या क्षणी माझा अभिमान सुखावला, हे कबूल करतो. पण त्याहून महत्त्वाचे असे काही मला दिसले. हत्यार लंडनचे होते, नजर मात्र येथली होती.

आपल्या मुलखात हा धंदा काही नवा नाही. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या गिरगावात एका तंबूत प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहताना आपल्या पुराणांतील देव पडद्यावर यावेत, अशी ओढ त्यांच्या मनात निर्माण झाली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या तारणाऱ्याच्या चरित्राने भारतीय चित्रपटाच्या जनकाला वाट दाखविली, ही गोष्ट आपल्या घरांतील मुलांना ठाऊक असावी. त्यानंतर अहोरात्र अभ्यास केल्याने डोळ्यांवर ताण येऊन काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. विम्याच्या कागदावर कर्ज काढून १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. जादूचे प्रयोग करणाऱ्या या माणसाने देवांचे प्रकट होणे आणि अदृश्य होणे कॅमेऱ्यातच घडविले. पण त्या कोऱ्या फिल्मच्या कडांना रात्री बसून भोके कोणी पाडली? सरस्वतीबाई फाळके यांनी. दिवसा त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. पडद्यावर त्या कोठेही दिसत नाहीत.

आणि आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर. आडनाव मेस्त्री, घराणे कारागिरांचे. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. आनंदराव १९१६ साली गेले. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. विदेशी यंत्राचा अभ्यास करून त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडविला आणि त्यावर १९२० सालचा ‘सैरंध्री’ चित्रित केला. ‘सिंहगड’साठी, १९२३ साली, रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात घेतले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये महाराजांना वैकुंठास नेणारे विमान आभाळात जाताना लोकांनी हात जोडून पाहिले. तो हाताने हलणारा कॅमेरा गेला, रंगविलेले पडदे गेले, फिल्मही गेली. उद्या न्यूकही जाईल. ज्याला प्रकाश कळतो, वजन कळते, हवा कळते, त्याला नवे हत्यार शिकायला काही महिने पुरतात. ज्याला केवळ हत्यारच येते, तो हत्याराबरोबर संपतो.

परंतु एवढे सांगून थांबलो, तर मी भाचीची फसवणूक केली असे होईल. नजर चांगली असूनही लोक रस्त्यावर आले आहेत. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ बहुतांशी संगणकावर घडविला गेला. त्याला दृश्यपरिणामांचे ऑस्कर फेब्रुवारी २०१३ मध्ये मिळाले. तो वाघ घडविणारी ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ ही संस्था त्याच महिन्यात, सोहळ्याच्या काही दिवस आधी, दिवाळखोरीत गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘टेक्निकलर’ हा जुना समूह कोसळला आणि बंगळूर व मुंबईतील कर्मचाऱ्यांसह हजारोंचे काम गेले. याचे कारण भाचीने मला एका वाक्यात सांगितले, “मामा, आम्ही घर बांधायचे पैसे आधीच ठरवतो, आणि मालक भिंती रोज हलवतो.” काम ठरावीक रकमेत घेतले जाते. दिग्दर्शकाचे मन बदलले की तेच दृश्य पुनःपुन्हा करावे लागते, आणि जादा रात्रींचा मोबदला पुष्कळदा कोणीच देत नाही. ज्या देशात करसवलत मिळते तेथे काम जाते. ज्या देशात मजुरी स्वस्त तेथे रोटो जातो. म्हणून तो भारतात आला. आता माणसाची बाह्यरेषा यंत्र आपण होऊन काढू लागले आहे, म्हणून तो येथूनही जाऊ शकतो.

आपण नाझरेथच्या सुताराचे भक्त आहोत. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. प्रभूच्या आयुष्याची बहुतेक वर्षेही त्या दुकानात, कोणाच्या डोळ्यांवर न येता गेली. न दिसणारे काम पवित्र असते, असे आपण प्रवचनांतून ऐकतो आणि ते सत्य आहे. मात्र हेच वाक्य एखादा मालकही सोयीस्करपणे वापरू शकतो. काम लपलेले असावे, कामगार लपलेला असू नये. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या परिपत्रकात न्याय्य मजुरीचा आग्रह धरला. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस ‘कामकरी संत योसेफ’ यांचा सण म्हणून दिला. मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे पवित्र शास्त्राने मोठे पाप मानले आहे. संगणकापुढे बसणारी आपली मुलेही मजूरच आहेत. त्यांच्या मनगटांना सूज येते आणि डोळे कोरडे पडतात.

म्हणून आम्ही दोघे प्रथम अर्ज लिहायला बसलो. थकलेल्या पगाराविषयी तिच्या सहकाऱ्यांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावयाची होती; मराठी मसुदा मी केला. त्यानंतर तिच्या पुढच्या वाटेचे बोललो. मी शाळेचा विषय पुन्हा काढला नाही. तिनेच तो काढला. “शिकवायला मला आवडेल मामा, पण घाबरून नको.” पुण्याहून एका छोट्या गटाने सहा महिन्यांसाठी बोलावले होते. पगार पूर्वीपेक्षा एक-तृतीयांश कमी, पण काम थर बसविण्याचे, आणि तेथे आग-पाण्याचे कामही शिकता येणार होते. तिने होकार कळविण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घेतल्या: पगाराची तारीख, जादा तासांचा दर आणि रविवारची सकाळ. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरीबाबत ‘शक्यतो’ असे उत्तर आले. तिने ते स्वीकारले, आणि मी त्यावर काही बोललो नाही.

ज्या घरांतील मुलामुलींना या वाटेने जायचे आहे, त्यांच्या आईवडिलांना एवढेच सुचवावेसे वाटते. लाखांची फी भरण्यापूर्वी मुलाला घरच्या संगणकावर ब्लेंडर सहा महिने वापरू द्या; न्यूकचीही शिकण्यापुरती फुकट आवृत्ती मिळते. त्याची ओढ टिकते का, ते आपोआप कळेल. संस्था नोकरीची हमी देत असेल, तर आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि आज ते काय करतात ते विचारा. काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याची सवय पहिल्या पगारापासून लावा, कारण हा धंदा चित्रपटागणिक चालतो. आणि त्याच्या हातात कागद-पेन्सिल राहू द्या.

चौथ्या दिवशी कुंभीचे पाणी उतरले. आम्ही पहिल्या एस.टी.ने निघालो, ५५ किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाण्यात उभा असलेला ऊस. रविवार नव्हता, तरी कोल्हापुरात चर्चमध्ये जाऊन बसलो. तिने संत योसेफाच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावली. मग स्थानकावर पुण्याच्या गाडीत बसताना म्हणाली, “दिवाळीला येते. घाटात जाऊ. आता कॅमेरा आणणार नाही, वही आणते.”

अर्ज दिल्यानंतर एका महिन्याचा पगार आला. दोन यायचे आहेत. मी तारीख वहीत लिहून ठेवली आहे आणि दर महिन्याला विचारतो.