कॅसेटवरचं नाव

आमच्या मावळात भजनाला बसलेला माणूस अभंगाचं शेवटचं कडवं सोडत नाही. रात्र फार झाली तर मधलं एखादं कडवं गाळतात, आलापी आवरती घेतात, पण नाममुद्रा आलीच पाहिजे. त्या मुद्रेत पुष्कळदा गुरूही असतो. नाथांनी आपली सही केली ती 'एका जनार्दनी' अशी. देवगिरीच्या किल्ल्यावरचे जनार्दनस्वामी त्यांच्या नावापासून कधी सुटे झालेच नाहीत. जनाबाईनं स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवलं. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीला स्वप्नात मंत्र दिला, त्या तिथीला आमच्या भंडारा डोंगरावर आजही वारकऱ्यांची दाटी होते.

हे सगळं मला बुवांनी शिकवलं. आणि त्याच बुवांचं नाव मी माझ्या हातानं गाळलं.

बुवा नाणे मावळातले. भाताची शेती, गळ्यात माळ, घरात एक जुनी पेटी. मी देहूरोडच्या डेपोत नोकरीला होतो. संध्याकाळच्या लोकलनं कामशेतला उतरलो की घरी न जाता आधी त्यांच्या ओसरीवर जायचो. तिथं पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक मळून लावण्याचं काम माझ्याकडे असायचं. नवी चाल सांगताना बुवा पेटी मिटून ठेवत. चाल आधी तोंडात बसली पाहिजे, मग बोटांत, हा त्यांचा नेम. एकच ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत आणि माझ्याकडून तशीच्या तशी आली की मान हलवून पुढच्या ओळीवर जात.

त्यांची एक लांबट वही होती, लाल कापडाच्या बांधणीची. प्रत्येक अभंगाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, ती चाल त्यांना कुणाकडून मिळाली ते लिहिलेलं असे. कुणी आळंदीचा कीर्तनकार, कुणी शेजारच्या गावचा टाळकरी, एका गवळणीवर तर स्वतःच्या आईचं नाव. जी चाल त्यांनी स्वतः बांधली तिच्यावरचा कोपरा कोरा. ती वही मी कितीदा हाताळली, त्या कोऱ्या कोपऱ्यांचा अर्थही मला कळत होता.

१९९० च्या आसपास गावोगावच्या भजनांच्या कॅसेट निघत होत्या. माझा आवाज सप्ताहांमधून लोकांच्या कानावर गेला होता, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं विचारलं. मी बुवांकडे वही मागितली. त्यांनी ती फडक्यात बांधून दिली आणि नाथांचा अभंग घाईत घेऊ नकोस, एवढंच सांगितलं. कॅसेटवर गायलेल्या बहुतेक चाली त्या कोऱ्या कोपऱ्यांच्या, म्हणजे खुद्द बुवांच्या होत्या. दोन अंतऱ्यांत मी थोडे सूर फिरवले, त्यापलीकडे त्यात माझं काही नव्हतं.

वेष्टनाचा नमुना तपासायला बोलावलं तेव्हा त्यावर गायक म्हणून माझं नाव होतं आणि 'संगीत' या शब्दापुढची जागा मोकळी होती. समोरच्या माणसानं पेन पुढे करून विचारलं, "इथं कुणाचं टाकू?" मी थोडा थांबलो. बुवांना नावाची हौस नाही, बाजारात त्यांना कोण ओळखतं, मेहनत तर आपणच केली, असे विचार एकामागून एक आले. कुणी दडपण आणलं नव्हतं, पैशाचा प्रश्नही नव्हता. मला माझं नाव दोन्ही जागी हवं होतं. मी म्हणालो, "माझंच टाका."

कॅसेट घेऊन बुवांकडे गेलो. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली. वेष्टन हातात घेऊन वाचलं, घडी घालून परत डबीत ठेवलं. "गळा चांगला लागलाय," म्हणाले. चहा आला. ते आणखी काही बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

तो विषय काढला डेपोतल्या एका तमिळ सहकाऱ्यानं. देहूरोडला तमिळ मंडळींची जुनी वस्ती आहे, त्यांचं सुब्रह्मण्यस्वामींचं देऊळही आहे. हा गृहस्थ कर्नाटक संगीताचा जाणकार. कॅसेट त्याला आवडली. मग त्यानं वेष्टनावरची अक्षरं लावत लावत वाचली आणि विचारलं, "यात तुझ्या गुरूंचं नाव कुठं आहे?"

त्यानं मला मुत्तुस्वामी दीक्षितांविषयी सांगितलं. ते १८३५ साली वारले. तिरुत्तणीच्या सुब्रह्मण्याच्या देवळात त्यांना पहिली कृती स्फुरली असं मानतात. ती आपल्या भैरवाच्या सुरांच्या मायामालवगौळ रागात आहे आणि गुरूच्याच जयजयकाराची आहे. पुढे त्यांनी आपल्या रचनांवर मुद्रा घातली ती 'गुरुगुह', हे सुब्रह्मण्याचंच नाव. गुरूवर त्यांनी आठही विभक्तींत कृती रचल्या. त्यागराजांनीही गौरीमनोहरी रागात गुरूवाचून माणसाची गत काय, हे सांगणारी कृती केली. तो हे भक्तीनं सांगत होता, मला खाली पाहायला लावावं असं त्याच्या मनातही नव्हतं. पण मला त्याच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर सरळ बुवांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन जायचो, पाया पडायचो आणि पेटीजवळ न बसता उठायचो. शिकवायला ते नाही म्हणाले नसते, मलाच मागायला तोंड राहिलं नव्हतं. वहीत नुसते शब्द होते, चाली बुवांच्या गळ्यात. काकड्याच्या आणि गुरुपरंपरेच्या अभंगांच्या कितीतरी चाली मला अजून मिळायच्या होत्या. बुवा गेले आणि त्या चालीही गेल्या. माझ्या लाजेची किंमत आमच्या साऱ्या भजनी मंडळानं भरली.

ते गेल्यावर मी सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीवर गेलो. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले संताजी. त्यांनी तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले आणि त्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी पुढे गाथा छापला. संताजी स्वतः अभंग रचत होते, आपल्या नावाची मुद्रा घालणं त्यांना ठाऊक होतं. तरी तुकोबांचा अभंग लिहिताना त्यांच्या लेखणीनं मुद्रा तुकोबांचीच ठेवली. त्या प्रामाणिकपणावर तो गाथा उभा आहे. मी शेवटचं कडवं आयुष्यभर नीट गायलो, पण ते कशासाठी गातात ते माझ्या वागण्यात उतरलं नव्हतं.

आता आमच्या मंडळाची नवी वही मी लिहितो. उजव्या कोपऱ्यात चाल देणाऱ्याचं नाव असतं आणि बुवांच्या चालींवर बुवांचं. सप्ताहात गाताना चाल कुणाची ते मी आधी सांगतो, मगच षड्ज लावतो. जुन्या कॅसेटमधली गाणी मुलांनी मोबाइलवर घेतली, तेव्हा संगीताच्या जागी बुवांचं नाव घातलं. बुवांच्या मुलांना जाऊन सगळं सांगितलं. थोरला म्हणाला, "दादांना ते वाचल्याच दिवशी लागलं होतं." मी ते ऐकून घेतलं.

काकड्याच्या एका अभंगाचं नुसतं ध्रुवपद मला आठवतं, पुढची चाल येत नाही. नाणे मावळात बुवांबरोबर टाळ धरलेली दोन-चार माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे मी जातो, ते आठवेल तेवढं म्हणतात, मी लिहून घेतो. अंतऱ्याची पहिली ओळ आता लागली आहे. वहीत तिच्यापुढे, ज्यानं ती मला म्हणून दाखवली, त्या टाळकऱ्याचं नाव आहे.