पुलाआधीचे पूल

पानवल नदीवरचा रेल्वेपूल दरीत नव्हे, दरीच्या काठावर ओतला गेला आणि खांबांवरून पुढे ढकलला गेला. रत्नागिरी आणि निवसर या स्टेशनांमधला हा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच. तेवढ्या उंचीपर्यंत तळापासून सेंटरिंग उभारायचं म्हणजे खर्चही आला आणि धोकाही. त्यापेक्षा एक तुकडा ओतायचा, केबल ताणून तो आधीच्या तुकड्याला जखडायचा आणि सगळं धूड जॅकने पुढे सरकवायचं. इन्क्रिमेंटल लाँचिंगची ही पद्धत देशात पहिल्यांदा इथेच वापरली गेली.

प्रीस्ट्रेस्ड तुळयांची कॉम्प्युटर मॉडेलं करण्यात मुरलेल्या माणसाला इथे वेगळाच प्रश्न पडतो. मॉडेल करायचं ते नेमकं कोणत्या पुलाचं?

पुरा झालेला पूल स्क्रीनवर काढून त्यावरून गाडी फिरवणं नवशिक्यालाही जमतं. पण सरकताना तुळईचा एकच छेद आज गाळ्याच्या मध्यावर असतो, तेव्हा ताण तळाला येतो; तोच छेद पुढे खांबावर पोचला की ताण माथ्याला जातो. म्हणून लाँचिंगच्या वेळच्या केबली वर-खाली साधारण सारख्या बसवाव्या लागतात. गाळ्यात खाली आणि खांबावर वर जाणाऱ्या वळणदार केबली पूल जागेवर आल्यावर ताणतात. पुढचं अधांतरी टोक हा आणखी निराळा मामला. सलग तुळईच्या आतल्या गाळ्यात स्वतःच्या वजनाने खांबावर जेवढा बेंडिंग मोमेंट येतो, त्याच्या सहापट मोमेंट तेवढीच लांबी अधांतरी असताना येतो. त्यामुळे टोकाला पोलादी ‘नोज’ जोडतात. तो हलका असतो आणि पुढच्या खांबावर काँक्रीटच्या आधी टेकतो. मॉडेलमध्ये प्रत्येक सरक ही स्वतंत्र स्टेज. थोडक्यात, एका पुलाआधी अनेक अर्धवट पूल तपासावे लागतात.

केबलचं गणित त्या मानाने सोपं वाटतं. ४० मीटरच्या गाळ्यात ६० सेंटिमीटर झोळ दिलेली केबल २०० टनांनी ओढली, तर ती तुळईला मीटरमागे ६०० किलोंनी वर उचलते. गाळाभर मिळून २४ टन. खरी परीक्षा साइटवर. एवढी लांब केबल ताणताना पाव मीटरहून जास्त लांबते. गेजवरचा दाब आणि पट्टीवरचे मिलिमीटर जुळले नाहीत, तर काम थांबतं. बहुतेक वेळा केबल जिच्यातून जाते ती नळी, म्हणजे शीथ, कुठेतरी वाकडी गेलेली असते आणि मॉडेलमध्ये धरलेलं घर्षण कमी पडलेलं असतं.

त्यानंतरही हिशेब सरत नाही. काँक्रीट आकसतं, दाबाखाली वर्षानुवर्षं मुरत जातं, तारांची ओढ सैलावते. कोकणची खारी हवा यातल्या कुठल्याच सूत्रात नसते. पणजीतला मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला दोन दशकंही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. म्हणून किनाऱ्यालगतच्या तुळईचं मॉडेल पास झालं, तरी अनुभवी इंजिनिअर फाइल बंद करत नाही. तो एकेक करून काही तारा काढून टाकतो, तोच भार पुन्हा चढवतो आणि बघतो : आधी तडा दिसतो, की तुळई एकदम मोडते?