बंड्या का चावतो?

व्हिडिओ कॉलवर क्लायंट म्हणाला, ‘‘सो क्यूट!’’ आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यावरच्या बंड्याने कानाच्या पाळीला कडकडून चावा घेतला. मी म्यूटवर नव्हते. पुढचं सांगत नाही.

बंड्या म्हणजे कॉकाटील. डोक्यावर तुरा, गालांवर केशरी टिकल्या, वजन जेमतेम ९० ग्रॅम. (‘पोपट पाळणं गुन्हा आहे ना?’ असं विचारणाऱ्यांसाठी: आपले देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. हे साहेब मूळचे ऑस्ट्रेलियाचे.) माझी रूममेट नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना पिंजऱ्यासकट त्याला माझ्या गळ्यात मारून गेली. मीही हौसेने घेतलं. फ्रीलान्सर माणूस, दिवसभर घरात एकटी, तेवढीच सोबत, असा साधा फंडा होता.

सोबत कसली! दोन महिन्यांत बोटं झाली, कान झाला, एकदा तर चक्क ओठ. आई साताऱ्याहून रोज फोनवर म्हणायची, ‘‘देऊन टाक बाई कुणाला तरी. मुकं जनावर ते, त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला काय कळणार?’’ मलाही पटायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू, ‘चांगल्या घरी द्यायचा आहे’ असा मेसेज टाइप करून तयार ठेवला होता. जखमेपेक्षा अपमान जास्त झोंबत होता. याच्यासाठी राळ्याची कणसं शोधत फिरा, पिंजरा घासा, आणि वर हे? कृतघ्न कुठला!

शेवटचा उपाय म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. कुठे दुखत असलं तरी पक्षी चावतो, म्हणून त्यांनी आधी नीट तपासलं. तब्येत ठणठणीत निघाली. मग त्यांनी विचारलं, ‘‘चावायच्या आधी तो काय करतो?’’

‘‘काहीच नाही. एकदम चावतो.’’

‘‘असं सहसा नसतं. मोबाइलमध्ये व्हिडिओ असेल ना एखादा?’’

एखादा? माझा अर्धा फोन बंड्यानेच भरलाय. त्यातल्या त्यात सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेला मी त्यांना दाखवला. डॉक्टरांनी तो स्लो करून लावला. माझं बोट बंड्याच्या पोटाशी जातं. एरवी किंचित मागे कललेला त्याचा तुरा डोक्याला चप्प बसतो. तो अंग मागे घेतो. बोट पुढे. तो दांडीवरून दोन पावलं बाजूला सरकतो. बोट त्याच्या मागे. तो चोच उघडून फिस्स करतो. आणि यावर माझा आवाज, ‘‘अले लेले, लागावला माझा बंडू!’’ मग चावा.

अकरा सेकंदांत तो चार वेळा ‘नको’ म्हणाला होता. मी हसत होते.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं, त्याने मी जाम ओशाळले. कॉकाटील हा थव्यात राहणारा पक्षी. शिकारी पक्ष्यांचं भक्ष्य, त्यामुळे धोका दिसला की त्याचा पहिला मार्ग म्हणजे उडून जाणं. बंड्याचे पंख कापलेले होते. घरात पंखा फिरतो म्हणून रूममेटने दुकानातूनच तसे करून आणले होते. उडता येत नाही म्हटल्यावर उरते फक्त चोच. त्यात फिस्स केल्याने माझं बोट हलत नाही, चावलं की लगेच मागे जातं, एवढं त्याच्या चांगलंच लक्षात आलेलं. मग मधल्या पायऱ्या कशाला गाळायच्या नाहीत? ‘एकदम चावतो’ हे त्याला शिकवलं होतं मीच.

आणि प्रत्येक चोच म्हणजे चावा नसतो. पोपट चोच हातासारखी वापरतात. बोटावर चढण्याआधी तो ते चोचीने चाचपून बघायचा, मी घाबरून बोट झटकायचे, तो पडू नये म्हणून आणखी घट्ट धरायचा. झोपेचाही प्रश्न होता. त्याला रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते; माझ्या ‘डेडलाइन’पायी दोन-दोन वाजेपर्यंत ट्यूब चालू. शिवाय पुस्तकांच्या कपाटाखालची अंधारी फट साहेबांनी बळकावली होती आणि मी लाडाने पाठ कुरवाळत होते. लांबलेला उजेड, अंधारं बीळ, पाठीवर हात, म्हणजे पोपटाच्या हिशेबाने विणीचा हंगाम! मी तिथे झाडू घातला की तो घर राखत होता.

आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट इंग्रजी शब्द वापरायला शिकला होता. २००७ मध्ये तो गेला. प्रयोगांना कंटाळला की तो ‘वाना गो बॅक’ म्हणायचा, म्हणजे मला परत जायचंय. बंड्याला इंग्रजी येत नाही, एवढाच काय तो फरक.

तो मेसेज मी डिलीट केला. आता नऊ वाजता पिंजरा आतल्या खोलीत, अंधारात. कपाटाखालची फट बंद. नवी पिसं आली, पंख पुन्हा कापले नाहीत. तो बाहेर असेल तेव्हा पंखा बंद, खिडक्या बंद आणि मी घामाघूम. बोट थोडं लांब धरून थांबते. आला तर आला. बऱ्याचदा येतच नाही. आणि अजूनही चावतो हं, मागच्या मंगळवारीच अंगठा फोडला. घाईत होते, सरळ उचलायला गेले.

दिवाळीत आई आली. पहिल्याच संध्याकाळी, ‘‘काय रे लबाडा,’’ म्हणत तिने जाळीतून बोट आत घातलं. तुरा चप्प बसला.

‘‘आई, थांब. तो नको म्हणतोय.’’

‘‘कुठे काय म्हणाला?’’ आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बोट मात्र काढून घेतलं. बंड्याने हळूच तुरा सैल केला आणि राळं सोलायला लागला.