खर्ज

छंदांनाही समाजात पायरी असते. कुणी जुने अडकित्ते जमवले, समया जमवल्या, तर लोक मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला येतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी असल्याच वस्तू जमवता जमवता एक मोठे संग्रहालय उभे केले. पोस्टाची तिकिटे जमवणारा मुलगा तर वर्गात आपोआप हुशार ठरतो. माझा छंद मात्र असा आहे की, तो दाखवायला मी उठलो रे उठलो की पाहुण्यांना शेवटची एस.टी. आठवते.

मी जाझच्या तबकड्या जमवतो. त्यातही ज्याला तिकडे 'फ्री जाझ' म्हणतात, म्हणजे दावे सोडलेले जाझ, त्याच्या.

जाझ म्हटले की आपल्याकडची मंडळी दचकतात. पण ते आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. 1951 सालच्या 'अलबेला'तली गाणी ऐकून ज्यांचे पाय हलले, त्यांनी जाझ ऐकलेच आहे. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे, आणि त्यांच्या ताफ्यात ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट हा गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. रात्री ताजमहाल हॉटेलात साहेबांना नाचवायचे आणि दिवसा स्टुडिओत आपल्याला, असा या गोवेकर वादकांचा तेव्हाचा दिनक्रम. तेव्हा परकेपणाची तक्रार निदान आपण तरी करू नये.

साध्या जाझचा हिशेब आपल्याला समजण्यासारखा आहे. एक धून असते, ठरलेल्या मात्रांचे आवर्तन असते, त्या आवर्तनात कोणती स्वरसंगती कोणत्या ठिकाणी यायची तेही ठरलेले असते. वादक पाळीपाळीने त्यावर मनसोक्त विस्तार करतात आणि पुन्हा जागेवर येतात. समेवर येण्याचे सुख आपल्याला कोणी शिकवायला नको. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या काही काळ्या वादकांनी विचारले, की हे घर दर वेळी त्याच खांबांवर का उभारायचे? त्यांनी स्वरसंगतीचे ठरलेले खांब काढून टाकले. छप्पर पडते की राहते, ते वाजवता वाजवताच पाहायचे.

त्यातला ऑर्नेट कोलमन हा मला फार जवळचा वाटतो. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, 1930 चा जन्म. लॉस एंजेलिसला असताना धातूचा सॅक्सोफोन परवडेना म्हणून त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकचा घेतला आणि तोच नावारूपाला आणला. पोटासाठी तो एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवीत असे, आणि लिफ्ट रिकामी असली की आत उभ्या उभ्या संगीतशास्त्राची पुस्तके वाचीत असे. 2007 साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 2015 साली तो गेला, तेव्हा मी वर्गात स्थिरचित्र काढायला मांडून ठेवलेल्या तांब्याकडे बराच वेळ पाहत राहिलो होतो. मुलांना वाटले, सर छायाप्रकाश पाहताहेत.

मी चित्रकलेचा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, पण शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. दहावीला आमच्या घरात अजूनही मॅट्रिकच म्हणतात. त्यामुळे तबकडीच्या वेष्टनामागचे बारीक टायपातले इंग्रजी मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचतो. 'फ्री जाझ' हीच कोलमनची तबकडी मी पहिल्यांदा उचलली ती चित्रासाठी. वीस-बावीस वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात, एका मोडक्या शिवणयंत्राखाली ती पडली होती. वेष्टनाला खिडकीसारखा चौकोन कापलेला, आणि त्या खिडकीतून आतले जॅक्सन पोलॉकचे चित्र डोकावत होते. रंगांचे नुसते ओघळ! आमच्या ड्रॉइंगच्या परीक्षेत असे चित्र आले असते तर मी ते नापास केले असते. दुकानदाराने चाळीस रुपये सांगितले, आणि मी घासाघीस न करता दिले. या गोष्टीवर आमची ही अजून विश्वास ठेवीत नाही.

ती तबकडी म्हणजे आठ वादक. दोन चौकड्या एकाच वेळी वाजतात. डाव्या पेटीतून एक, उजव्या पेटीतून दुसरी. दोन ड्रम, दोन डबल बास, दोन ट्रंपेट, एका बाजूला कोलमनचा सॅक्सोफोन आणि दुसऱ्या बाजूला एरिक डॉल्फीचे बास क्लॅरिनेट. डिसेंबर 1960 मध्ये न्यूयॉर्कला ही मंडळी एकत्र जमली आणि सदतीस मिनिटे सलग वाजवीत राहिली. एका बाजूवर इतके मावेना, म्हणून मध्येच उठून तबकडी उलटावी लागते. मी पहिल्यांदा लावली त्या संध्याकाळी शेजारचे काका कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"गुरुजी, पालखी आली काय हो? आणि ती ह्या दिवसांत?"

काकांनी हे चेष्टेने म्हटले. पण समीक्षकांची पाने वाचून मला जे कळले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचते तेव्हा ढोल, ताशे, सनई, आरोळ्या सगळे एकदम उठते. कोण कोणाला साथ करतो आहे ते बाहेरून कळत नाही. पालखीच्या दांड्याखाली खांदा दिला की मात्र बरोबर कळते. पुढचा कुठे वळणार ते त्याच्या पाठीवरून समजते आणि पाय आपोआप पडतात. कोलमनचे आठजण तसेच एकमेकांना खांदा लावून चालले आहेत. ते ध्यानात आल्यापासून तो गोंगाट मला गोंगाट वाटेनासा झाला. घरातल्या इतरांचे सांगत नाही.

आमच्या सौभाग्यवतींना या सगळ्या संग्रहातली एकच तबकडी मनापासून आवडते. अल्बर्ट आयलर नावाच्या सॅक्सोफोनवाल्याचे 1965 सालचे 'बेल्स'. ती एकाच बाजूला छापलेली आहे. दुसऱ्या बाजूवर वाजण्यासारखे काहीच नाही. "अहो, ती दुसरी बाजू लावा ना," असे ती पाहुण्यांसमोर फार गोड आवाजात म्हणते.

बाकी या छंदाचा खरा वैरी बायको नव्हे, रत्नागिरीचा पाऊस. जूनमध्ये तो सुरू झाला की भिंतींना घाम फुटतो, चपलांवर हिरवी लव येते आणि तबकड्यांच्या खाचांतून पांढरी बुरशी धरते. बुरशीची तबकडी भजी तळल्यासारखी वाजते. म्हणून कपाटात चाळीसचा दिवा अखंड जळत ठेवावा लागतो. पेटी-तबल्यालाही आमच्याकडे हाच उपाय करतात. तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की वाकतात. श्रावणातल्या उघडिपीला त्या एकेक काढून साबणाच्या थेंबभर पाण्याने पुसायच्या आणि ताटाळ्यात ताटांच्या जागी निथळत ठेवायच्या. त्या दिवशी घरात जेवण केळीच्या पानावर. मुलांना वाटते सण आहे.

आता आईविषयी सांगतो. आई शहात्तर वर्षांची आहे. तिचे कान चांगले तयार होते. माणिक वर्मा आणि ज्योत्स्ना भोळे यांची गाणी रेडिओला लागली की ती फोडणी मागे ठेवी. चार वर्षांपूर्वी तिला ऐकू कमी येऊ लागले. उतारवयात आधी जातात ते वरचे स्वर. बायकांची गाणी तिला विरत गेलेल्या लुगड्यासारखी भोके पडून ऐकू येऊ लागली. शब्दांतले स, श, त गळून जात; नातीने काही सांगितले तर ती नुसती हसे. मग एक दिवस तिने रेडिओ बंद केला आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला सांगितला. काही बोलली नाही. मला ते फार लागले.

मी त्याच सुमाराला एका तबकडीसाठी पैसे साठवीत होतो. अमान्सिओ डिसिल्वा हा गोवेकर आईबापांचा, मुंबईत जन्मलेला गिटारवादक लंडनला गेला आणि तिथे जमैकाच्या जो हॅरियटबरोबर 1969 साली त्याने 'हम दोनों' नावाची तबकडी केली. हा हॅरियट म्हणजे ज्याने 1960 सालीच कोलमनची नक्कल न करता आपल्या वाटेने हे मोकळे वादन सुरू केले तो. त्या तबकडीत गोव्यावर एक संथ रचना आहे. कोकणातल्या माणसाच्या कपाटात ती असावी असे मला फार वाटे, पण मूळ प्रत दुर्मिळ आणि किंमत मास्तरांसाठी लिहिलेली नव्हे. दोन वर्षे बाजूला काढलेले ते पैसे घेऊन मी आईसह कोल्हापूरला गेलो आणि तिच्या कानाचे यंत्र घेऊन आलो. हम दोघे परत येताना आंबा घाटात ती म्हणाली, "गाडी किती वाजते रे ही!"

यंत्राने बोलणे ऐकू येऊ लागले. नातीची शाळा, दारची बेल, कुकरची शिट्टी. पण माझा कोलमन लागल्याबरोबर तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. वरचे सगळे धारदार स्वर यंत्र तिच्या डोक्यात खिळ्यासारखे ठोकू लागले. "बंद कर मेल्या!" असे ती म्हणाली. मी उठायच्या आधीच तिने ते यंत्र काढले, आणि अप्पा गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या कुंकवाच्या डबीत ठेवून दिले. मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांब. ते जाड वाजतंय ते राहू दे."

ती उजव्या पेटीजवळ बसली होती. हात पेटीच्या लाकडावर ठेवलेला. त्या पेटीतून चार्ली हेडनचा डबल बास वाजत होता. जे खालचे स्वर तिच्या कानात शिल्लक होते ते कानातून, आणि उरलेले तळहातातून तिच्यापर्यंत पोचत होते.

हेडनची हकीकत मी नंतर तिला सांगितली. तो लहानपणी घरच्या मंडळींबरोबर रेडिओवर गाणारा मुलगा. पंधराव्या वर्षी पोलिओने त्याचा गळा धरला, गाणे गेले, आणि त्याने बास हातात घेतला. आई ऐकून म्हणाली, "गळा गेला म्हणून खर्ज धरला म्हण." मग विचारले, "आईबाप होते का रे त्याचे?" होते, म्हणून सांगितल्यावर तिला बरे वाटले.

कोल्ट्रेनची 'इंडिया' नावाची रचना मी तिला मुद्दाम ऐकवली. 1961 साली न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात वाजवलेली. कोल्ट्रेन रविशंकरांचे वादन मन लावून ऐके. 1965 साली झालेल्या मुलाचे नावही त्याने रवी ठेवले. या रचनेत दोन बास आहेत, आणि त्यांचा खर्ज खाली घुमत राहतो. आईने हात ठेवला आणि म्हणाली, "हा तंबोरा." मी म्हटले, नव्हे, बास आहे. तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा असतो आणि याला नसतो, एवढाच काय तो तिच्या मते फरक.

आता रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती यंत्र काढून डबीत ठेवते आणि पेटीजवळ चटई ओढून बसते. सूनबाई त्या वेळी मागल्या पडवीत भाजी निवडायला जाते. पहिल्यापेक्षा दार जरा कमी जोराने लावते. कधी आई तबकडी संपल्यावर म्हणते, "आज चार्ली जरा थकलेला वाटला." कधी म्हणते, "आज बरा होता." तबकडीवरचे वादन रोज तेच असते हे मी तिला अजून सांगितलेले नाही, आणि अलीकडे मलाही त्याची तितकीशी खात्री वाटत नाही. काल तिने विचारले, "त्या गोव्याच्या मुलाची ती आणणार होतास, तिच्यात जाड वाजवणारा आहे का रे कोणी?" आहे म्हटले. "मग पुढच्या दिवाळीला बघू," ती म्हणाली, आणि माझ्या हातात दोनशे रुपये ठेवले.