समजून घे, पण अंतर ठेव

चि. बाळास,


मनातलं सगळं पत्रात लिहून ते आईमार्फत बाबांना देणार, असं तू कळवलंस. त्याआधी हे वाच. लेखक फ्रान्झ काफ्काने नेमकं हेच केलं होतं.

नोव्हेंबर १९१९. काफ्का ३६ वर्षांचा, विमा संस्थेत चांगल्या हुद्द्यावर. त्याने ठरवलेल्या लग्नाला वडिलांनी हिणवून विरोध केला होता. प्रागच्या उत्तरेला शेलेझेन गावी राहून त्याने वडिलांना, हेरमान काफ्कांना, शंभराहून जास्त पानांचं पत्र लिहिलं.

त्यात मारझोड जवळपास नाही. वडील क्वचितच मारत. पण त्यांचा आरडाओरडा, लालबुंद चेहरा, पँटचे पट्टे घाईने सोडून खुर्चीच्या पाठीवर तयार ठेवणं, हे माराइतकंच जिव्हारी लागलं. लहानपणी एका रात्री तो पाण्यासाठी भुणभुण करत राहिला, तर वडिलांनी त्याला उचलून बाहेरच्या सज्जात नेलं आणि झोपायच्या सदऱ्यावर तसंच उभं करून दार लावून घेतलं. जेवताना पोरांनी हाडं फोडायची नाहीत, वडिलांनी फोडलेली चालत. अन्न खाली सांडायचं नाही, पण सर्वांत जास्त खरकटं वडिलांच्याच खुर्चीखाली.

नियम सगळ्यांना, नियम करणारा मोकळा. घर विषारी झाल्याची ही खूण.

काफ्काने बापाला समजूनही घेतलं. हेरमान खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. लहान वयात थंडीवाऱ्यात हातगाडी ओढत दारोदार माल पोचवलेला, पुढे प्रागमध्ये स्वतःचं दुकान उभारलेला. पत्रात काफ्काने त्यांना दोषी ठरवलं नाही. पण त्या समजुतीने त्याची धास्ती गेली नाही.

मित्र माक्स ब्रॉड सांगतो की पत्र आईकडे दिलं आणि तिने ते परत केलं. वडिलांपर्यंत ते पोचलंच नाही. छापून आलं १९५२ मध्ये, बापलेक दोघेही गेल्यावर.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी घरातल्या अशा तिघांच्या त्रिकोणाचा अभ्यास केला. दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढतात. ताण तेवढ्यापुरता उतरतो, भांडण जिथल्या तिथे राहतं. आपल्याकडे ही जागा बहुधा आईची. ‘तापट आहेत, पण मनाने निर्मळ’ हे वाक्य तिच्याच तोंडी असतं.

काफ्काची धाकटी बहीण ओटला मात्र वेगळी वागली. १९१६ मध्ये तिने प्रागच्या किल्ल्यातल्या गल्लीत चिमुकलं घर भाड्याने घेतलं. संध्याकाळी तिथे बसून काफ्काने कथा लिहिल्या. १९१७ मध्ये वडिलांचा विरोध पत्करून ती त्सुराऊ गावी शेती करायला गेली. क्षय झालेला भाऊ तिच्याकडेच आठ महिने राहिला. १९२० मध्ये घरच्यांना नको असलेल्या मुलाशी तिने लग्न केलं. बापाने चूक कबूल करावी म्हणून ती थांबली नाही.

तूही थांबू नकोस. नोकरीच्या गावी खोली घे. बाबांशी फोनवर थोडकं आणि स्वतः बोल. ‘आवाज चढला तर मी फोन ठेवीन’ असं आधीच सांग, आणि तसंच कर. झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर १४४१६ वर फोन कर. सरकारची ही मोफत टेलि-मानस सेवा मराठीतही बोलते.

आणि आईला निरोप्या करू नकोस, तिची विचारपूस कर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शिवीगाळ, अपमान आणि पैशांची कोंडी यांनाही हिंसाच मानतो. मार खाल्ल्याशिवाय दाद मागता येत नाही, असं नाही. हे तिला नीट समजावून सांग.

तुझी,
मावशी